डबलबारीचं सहा चॅनलचं रेकॉर्डिंग संगणकावरून होम थिएटरवर कसं वाजवावं?

माडाखाली (कुडाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर माझी धडपड कशासाठी ते कळणार नाही.

बाबांनी चाळीस वर्षं भजनात पखवाज वाजवला. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून मांडी घालणं बंद आणि देवळाच्या पायऱ्याही बंद. यंदा जत्रेला आमच्या वाडीत डबलबारी झाली. घाटावरच्या वाचकांसाठी: दोन भजनी मंडळं, दोन बुवा, आळीपाळीने बारी लावायची. एकाने गाण्यातून टाकलेला सवाल दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचा. आमच्या सभामंडपात दोन्ही मंडळं समोरासमोर बसतात आणि ऐकणारे मध्ये. बाबांची जागा ठरलेली, मधल्या खांबाला टेकून. एक बुवा समोर, दुसरा पाठीमागे.

मी सहा ट्रॅकचा रेकॉर्डर आणला. त्याचे स्वतःचे दोन माइक पहिल्या बारीकडे, स्टँडवरचे दोन दुसऱ्या बारीकडे, एक पहिल्या बुवांच्या पेटीजवळ आणि एक त्यांच्या पखवाजाच्या बायांजवळ (डाव्या हाताचं, कणीक लावलेलं तोंड). सगळं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. घरी ऑडॅसिटीत जोडून सहा चॅनलची फ्लॅक (दर्जा न घालवता आकार कमी करणारी) फाइल केली: पुढचे दोन, मागचे दोन, पेटी मधल्या चॅनलला आणि बायां सबवूफरच्या चॅनलला.

लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला, टीव्हीतून ऑप्टिकल वायर होम थिएटरच्या प्रोसेसरला. पाचही स्पीकर आणि सबवूफर वाजले, मला वाटलं जमलं. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "दुसरी बारी फुडसून कशी येता? आणि बायां खंय गेलो?" आणखी एक वाक्य बोलले, "ह्यो पखवाजी डावरो (डावखुरा) कधी झालो?" त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

प्रोसेसरच्या पट्टीवर 'पीसीएम' आणि त्याखाली 'डॉल्बी सराउंड' असं दिसतं. मदत करा.

किनारपट्टी (अलिबाग)

फाइलीत सहा चॅनल असतील, पण प्रोसेसरपर्यंत दोनच पोहोचताहेत. ऑप्टिकल वायरीतून कच्चा, म्हणजे न दाबलेला, पीसीएम आवाज फक्त दोन चॅनलचा जातो. पट्टीवर 'पीसीएम' आणि 'डॉल्बी सराउंड' एकत्र दिसतं त्याचा अर्थ, आलेल्या दोन चॅनलमधून प्रोसेसर अंदाजाने पाच बनवतोय. बाबांना ते पाच मिनिटांत कळलं, हे मला फार आवडलं. सगळे स्पीकर वाजले की बहुतेक लोक तिथेच थांबतात.

कातळसडा (राजापूर)

ऑप्टिकलच ठेवायची असेल तर एक तात्पुरता उपाय आहे. त्या वायरीतून दाबलेला ५.१ (पाच स्पीकर अधिक सबवूफर) आवाज जाऊ शकतो, डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने फाइल डॉल्बी डिजिटलमध्ये बदला, ६४० किलोबिटवर, आणि प्लेअरमध्ये पासथ्रू (न उलगडता जसंच्या तसं पाठवणं) चालू करा. मात्र तुमची मूळ फाइल सेकंदाला ६९१२ किलोबिट आहे (६ चॅनल × ४८००० × २४). म्हणजे जवळपास अकरावा हिस्सा उरतो. शिवाय टीव्ही मध्ये असताना तो पासथ्रू पुढे जाऊ देईल याची खात्री नाही, काही टीव्ही त्याचेही दोन चॅनल करून देतात.

जांभा (रत्नागिरी)

कातळसडा यांचा उपाय चालेल, पण झांजेचा आवाज दाबलेल्या फाइलीत पहिला बिघडतो, आणि हे रेकॉर्डिंग झांजेचं आहे. थोडा वेळ काढून रस्ताच बदला. मी आठ वर्षं संगणकावरून बहुचॅनल संगीत ऐकतोय, या सगळ्या खड्ड्यांतून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

एचडीएमआयमधून पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून, आठ चॅनलचा कच्चा पीसीएम आवाज जातो, १९२ किलोहर्ट्झपर्यंत. त्यामुळे लॅपटॉप अगदीच जुना नसेल तर त्याने सहसा फरक पडत नाही. फरक पडतो वायर कुठे लावली याने. जोडणी झाल्यावर समोरचं यंत्र संगणकाला आपली ओळख सांगतं, मला काय काय झेपतं ते. त्याला ईडीआयडी म्हणतात. तुमच्या लॅपटॉपला ओळख मिळाली टीव्हीची, आणि टीव्ही म्हणाला 'माझे दोनच स्पीकर'. मग विंडोजने सहाचे दोन करूनच पाठवले. प्रोसेसरची त्यात काही चूक नाही.

म्हणून वायर अशी: लॅपटॉप ते प्रोसेसर, आणि प्रोसेसर ते टीव्ही. चित्र टीव्हीवर दिसेलच, आवाजाची ओळख मात्र प्रोसेसरची मिळेल. चालू करताना आधी टीव्ही, मग प्रोसेसर, शेवटी लॅपटॉप. उलट केलंत तर कधी कधी जुनीच ओळख राहते आणि विंडोज पुन्हा दोन चॅनलवर येतं.

त्यानंतर कंट्रोल पॅनलमधलं जुनं साउंडचं खिडकीपान उघडा, प्लेबॅकमध्ये प्रोसेसरचं नाव दिसेल. ते निवडून कॉन्फिगर दाबा आणि ५.१ घ्या. तिथल्या प्रत्येक स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारली की त्या स्पीकरमधून खूण वाजते. मागच्या डाव्यावर टिचकी मारल्यावर आवाज मागच्या डाव्यातूनच आला पाहिजे. इथे चुकलं तर पुढे जाऊ नका.

दुसरा मुद्दा विंडोजच्या मिक्सरचा. नेहमीच्या पद्धतीत सगळ्या कार्यक्रमांचा आवाज तो एकत्र करतो आणि ठरलेल्या एकाच दराला बदलतो. तुमची फाइल ४८ ची आहे म्हणून फार बिघडणार नाही, पण ९६ ची किंवा ४४.१ ची असती तर तिचं रूपांतर झालं असतं आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता. फूबार२००० या प्लेअरमध्ये आउटपुट निवडताना प्रोसेसरच्या नावापुढे 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेला पर्याय घ्या. मग फाइल आहे तशी जाते. पट्टीवर 'मल्टी चॅनल' आणि ४८ किलोहर्ट्झ दिसलं की समजा पोहोचलं.

तिसरं, प्रोसेसरवरचं 'डॉल्बी सराउंड' किंवा तत्सम सगळं बंद करा. मात्र एकदम 'प्युअर डायरेक्ट'वर जाऊ नका. काही प्रोसेसरांत त्या मोडमध्ये स्पीकरचं अंतर, पातळी आणि सबवूफरकडे खर्ज वळवणं हे सगळंच बंद होतं. तुमचे मागचे स्पीकर लहान असतील तर खर्ज हरवेल.

सुरंगी (वेंगुर्ला)

जांभादादा, वाचनखूण साठवली. एक भर घालते. प्रोसेसर जोडला की विंडोज त्याला दुसरा पडदाच समजतं. टीव्ही बंद असला तरी माउस त्या न दिसणाऱ्या पडद्यावर निघून जातो, उघडलेली खिडकी सापडत नाही. पडद्यांच्या सेटिंगमध्ये 'डुप्लिकेट' केलं की प्रश्न मिटतो.

मी एकदा तो पडदा अगदी कमी रेझोल्यूशनला ठेवला होता, म्हटलं जुन्या लॅपटॉपवरचा भार कमी. तेव्हापासून ९६ किलोहर्ट्झच्या सहा चॅनलच्या फाइली वाजेनात, ४८ च्या मात्र नीट वाजत. कारण समजायला दोन रविवार गेले. एचडीएमआयमध्ये आवाज चित्राच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेतून जातो. चित्रच लहान असलं की मोकळी जागाही कमी, आणि तेवढ्यात सहा चॅनल मावत नाहीत. ७२० किंवा १०८० ला ठेवल्यावर लगेच वाजलं.

माडाखाली (कुडाळ)

वायर बदलली. पट्टीवर 'मल्टी चॅनल' आलं! दुसरी बारी आता पाठूनच येते. सुरंगीताई, माउस हरवला होता, तुमचा प्रतिसाद वाचूनच सापडला.

दोन गोष्टी राहिल्यात. एक, बायां आता आहे, पण नुसता गडगडाट. थाप अशी येतच नाही, ढगातून काहीतरी घरंगळल्यासारखं वाटतं. लॅपटॉपवर इअरफोन लावून ऐकलं तर बायां अजूनही नाहीच. दोन, फाइल सुरू झाली की पहिली झांज गिळली जाते.

वाळवण (दापोली)

माडाखाली, हे माझ्या कामातलं आहे, मी ध्वनिमुद्रणात बरीच वर्षं काढली. बायां तुम्ही नको त्या चॅनलमध्ये ठेवलाय.

५.१ मधला तो '.१' म्हणजे सबवूफरची वायर, असा समज सगळीकडे आहे. तो मुळात सिनेमासाठी ठेवलेला जादा खर्जाचा चॅनल आहे: स्फोट, भूकंप, हत्तीची पावलं. त्याच्या तीन खोडी लक्षात घ्या. पहिली, तो वाजवताना प्रोसेसर १० डेसिबल चढवून वाजवतो. दुसरी, त्यातला १२० हर्ट्झच्या वरचा आवाज बहुधा कापला जातो. पखवाजाच्या बायांचा घुमारा खाली असतो, पण थाप, म्हणजे ओल्या कणकेवर तळवा पडल्याचा तो 'धप्', तो त्याच्या बराच वर असतो. तुमची थाप कापली गेली आणि उरला घुमारा, तोही चढवलेला. म्हणून ढग. तिसरी, सहाचे दोन चॅनल करताना हा चॅनल साधारणपणे टाकूनच देतात. टीव्हीतून आणि इअरफोनवर बायां ऐकू आला नाही तो यामुळे. बाबांनी दोन्ही वेळा बरोबर पकडलं.

उपाय सोपा. बायांचा माइक मधल्या चॅनलमध्ये पेटीसोबत मिसळा, किंवा पखवाजी ज्या बाजूला बसला होता त्या पुढच्या चॅनलमध्ये. सबवूफरचा चॅनल पूर्ण रिकामा ठेवा, पण काढून टाकू नका, कारण सहांचा क्रम बिघडेल. फ्लॅकमध्ये रिकाम्या चॅनलला जवळजवळ जागाच लागत नाही. तुमचा सबवूफर उपाशी राहणार नाही. प्रोसेसरमध्ये पाचही स्पीकर 'स्मॉल' आणि सीमा ८० हर्ट्झ ठेवा, त्याखालचा खर्ज आपोआप सबवूफरकडे जाईल.

पहिली झांज जाते कारण प्रोसेसरला नवा प्रवाह ओळखायला सेकंद-दीड सेकंद लागतो. फाइलीच्या सुरुवातीला तीन सेकंद शांतता जोडा.

आणि हे बघा, दोन बाऱ्यांमध्ये किती अंतर होतं?

माडाखाली (कुडाळ)

अंदाजे आठ मीटर.

वाळवण (दापोली)

मग दुसऱ्या बारीची झांज पहिल्या बारीच्या माइकवर साधारण २३ मिलिसेकंद उशिरा पोहोचते. आपल्या हवेत आवाज सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास चालतो. ऑडॅसिटीत दोन्ही लाटा शेजारी ठेवल्या की हा उशीर डोळ्यांना दिसतो आणि हात शिवशिवतात, सरकवून जुळवावं म्हणून. जुळवू नका. गजराला दोन्ही मंडळं एकदम उठतात तेव्हा तो सूक्ष्म फरक म्हणजेच सभामंडपाची लांबी आहे. बाबांनी तो चाळीस वर्षं ऐकलाय.

घरातलं अंतर मात्र जुळवा. मागचे स्पीकर कानापासून एक मीटर आणि पुढचे तीन मीटर असतील तर मागचा आवाज सहा मिलिसेकंद आधी येईल. टेप घेऊन प्रत्येक स्पीकर ते बाबांच्या डोक्याचं अंतर मोजा आणि प्रोसेसरमध्ये भरा.

मालवणी माणूस (देवबाग)

रे बाबा, सगळा वाचलंय, चांगला चललाहा. पण एक गोष्ट कोणी सांगूक नाय. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यान दोन वर्षांत स्पीकरच्या तारांची टोका हिरवी होतत. माझो मागचो उजवो स्पीकर अर्धो अर्धो वाजत होतो, मी महिनाभर सेटिंगा बदलीत बसलंय. शेवटी तार बोटभर कापलंय, नवीन सोललंय, झाला. पावसाळो संपलो की दरवर्षी बघ.

कातळसडा (राजापूर)

देवबागकरांना +१. त्यात अर्थिंगचं जोडतो. कातळावर घर असलेल्यांना हे माहीत असेल: मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो आणि स्पीकरमधून घुऽऽऽ असा एकसुरी आवाज सुरू होतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घुरघुर थांबली तर दोष जोडणीच्या जमिनीचा आहे. प्रोसेसर, टीव्ही आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या, डिशची वायर काढून बघा, आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे उन्हाळाभर त्या खड्ड्यात दर आठवड्याला कळशीभर पाणी ओततो. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. घुरघुर जाईल, पण जिवाला धोका होईल.

हर्णै_बंदर (मुंबई, मूळ गाव दापोली तालुका)

धागा वाचतोय. माझा प्रश्न जोडीचाच आहे. माझ्याकडे ७.१ आहे. ५.१ च्या काही फाइली बाजूच्या स्पीकरमधून वाजतात, काही एकदम मागच्या दोनमधून, बाजूचे गप्प. फाइल खराब आहे का?

आणि एका जुन्या सराउंड सीडीच्या वेव्ह फाइली आहेत. त्या वाजवल्या की नुसती खरखर. स्पीकर जातील की काय अशी भीती वाटली.

जांभा (रत्नागिरी)

फाइल ठीक आहे. बहुचॅनल फाइलीत प्रत्येक चॅनल कोणत्या स्पीकरचा, याची नोंद असते. ५.१ च्या दोन तऱ्हा रूढ आहेत. एकीत मागची जोडी 'बॅक' म्हणून नोंदवलेली, दुसरीत 'साइड' म्हणून. पाच स्पीकरवाल्यांना फरक जाणवत नाही, सातवाल्यांना जाणवतो, कारण विंडोज नोंदीचा शब्दशः अर्थ घेतं. संगीतासाठी ५.१ ची मागची जोडी कानाच्या किंचित मागे, १०० ते १२० अंशांवर असावी असा संकेत आहे, म्हणजे तुमच्या बाजूच्या स्पीकरांच्या जवळ. तेव्हा 'बॅक' नोंदवलेल्या फाइलींचे ते दोन चॅनल फूबारमधल्या चॅनल मॅपरने साइडला वळवा. मी हेच करतो.

चॅनलांच्या क्रमाबद्दलही लिहायला हवं, कारण स्वतः फाइली बनवणारे इथेच फसतात. वेव्ह आणि फ्लॅकमध्ये क्रम असा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, सबवूफरचा, मागचा डावा, मागचा उजवा. डॉल्बी डिजिटलच्या आत मधला चॅनल दुसरा येतो. ऑग व्हॉर्बिस या फाइल प्रकारातही दुसराच. लिनक्सच्या अल्सा या ध्वनिप्रणालीत मागची जोडी तिसरी-चौथी. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर क्रम सांभाळतं, पण हाताने जोडताना आपणच सांभाळायचा असतो. गायक मागून आणि टाळ्या मधून आल्या की पहिला संशय इथेच घ्या.

आता ती खरखर. त्या डीटीएस सीडी आहेत. फाइल वरून साधी १६ बिट ४४.१ ची वेव्ह दिसते, पण आत डीटीएसचा दाबलेला प्रवाह आहे. तो एक बिटही न बदलता प्रोसेसरला मिळाला तर तो ओळखून ५.१ वाजवतो. तुम्ही आवाज ९० टक्क्यांवर ठेवलात किंवा विंडोजने दर ४८ केला, की प्रवाह मोडला आणि प्रोसेसरने त्याला साधा आवाज समजून वाजवलं. खरखर खरोखर स्पीकरला घातक आहे, ट्वीटर त्यानेच जातात. आधी प्रोसेसरचा आवाज अगदी खाली घ्या, मग एक्सक्लुझिव्ह, संगणकाचा आवाज पूर्ण १००, इक्वलायझर वगैरे सगळं बंद. पट्टीवर 'डीटीएस' आलं की मगच वाढवा. नाहीतर फूबारचं डीटीएस उलगडणारं पूरक जोडून फाइल एकदाची फ्लॅक करून टाका, म्हणजे काळजीच मिटली.

सुरंगी (वेंगुर्ला)

आणि अ‍ॅटमॉस? सहा-आठ चॅनल कच्चे पाठवण्याचा हाच नियम तिथे लागू होतो का?

जांभा (रत्नागिरी)

नाही, तिथे उलटं. अ‍ॅटमॉसमध्ये चॅनलांसोबत 'हा आवाज खोलीत या ठिकाणी' अशी माहिती असते. संगणकाने फाइल उलगडली की नेहमीचे चॅनल मिळतात, ती माहिती गळते. म्हणून अ‍ॅटमॉस असेल तर उलगडू नका, कोडीसारख्या प्लेअरमधून पासथ्रूने जसाच्या तसा प्रोसेसरकडे पाठवा. फ्लॅक किंवा वेव्ह असेल तर कच्चा पीसीएम. एसएसीडीच्या (सुपर ऑडिओ सीडी) डीएसडी प्रकारातल्या फाइली असतील तर ८८.२ च्या पीसीएममध्ये उलगडून पाठवा. डीएसडीचा दर ४४.१ च्या ६४ पट असतो, त्यामुळे ८८.२ ला भाग सरळ जातो.

माडाखाली (कुडाळ)

मंडळी, चार दिवस गप्प होतो, पण काम चालू होतं.

बायां मधल्या चॅनलमध्ये मिसळला. आता थाप थापेसारखी आहे, कणकेचा ओलसरपणासुद्धा ऐकू येतो. सबवूफरचा चॅनल रिकामा, तरी खर्ज आहे. तीन सेकंद शांतता जोडली, झांज परत आली.

एक नवी अडचण: दोन्ही बाऱ्या सलग जोडून एकच वेव्ह केली, तर ती एक तास बावीस मिनिटांनंतर बंद पडते. पुढचा गजरच नाही.

आणि एक गोष्ट माझ्या मुलीमुळे जमली. तिच्या आवाजात सहा तुकडे रेकॉर्ड केले: "पुढचा डावा", "पुढचा उजवा", "मधला", "खर्ज", "मागचा डावा", "मागचा उजवा". एकेक तुकडा एकेका चॅनलमध्ये टाकून फ्लॅक केली. वाजवली तर सगळं जिथल्या तिथे. खर्जाच्या चॅनलमधून फक्त हुंकार आला, वाळवणकाका म्हणाले तसंच. म्हणजे संगणक ते स्पीकर रस्ता स्वच्छ आहे. तरी बाबा म्हणतात, पखवाजी डावराच. आता काय बघू?

वाळवण (दापोली)

वेव्हचं आधी. तिच्या शीर्षातला लांबीचा आकडा ३२ बिटचा असतो, म्हणून ४ जीबीच्या पुढे ती जात नाही. तुमचे सहा चॅनल सेकंदाला ८६४००० बाइट, भागाकार केलात तर ८२ मिनिटंच येतात. थेट फ्लॅकमध्ये काढा, किंवा प्रत्येक बारीची वेगळी फाइल करा. मूळ ट्रॅक पुसू नका, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. पावसाळ्यात एखादी जातेच.

पखवाजाचं मला कळलं असं वाटतं. रेकॉर्डर स्टँडवर होता की टांगलेला?

माडाखाली (कुडाळ)

टांगलेला. स्टँडला जागा नव्हती, वर बांबूला दोरीने बांधला. पखवाजापासून जेमतेम दोन हातांवर. उलटा... आलं लक्षात.

वाळवण (दापोली)

तेच. माइक पुढेच बघत होते, पण यंत्र उलटं झालं की डावा माइक उजवीकडे जातो. समोर बसलेल्या उजव्या हाताच्या पखवाज्याची शाई (उजव्या हाताचं तोंड) तुमच्या डावीकडे यायला हवी, बायां उजवीकडे. तुमच्या फाइलीत ते फिरलं. इतक्या जवळून टांगला होता म्हणून बाबांना पखवाजाची दोन तोंडं वेगळी ऐकू आली. फक्त त्या जोडीचे दोन चॅनल अदलाबदल करा. मागच्या जोडीला हात लावू नका, ती स्टँडवर होती.

किनारपट्टी (अलिबाग)

बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि आपण सगळे त्यावरून पुढे गेलो.

माडाखाली (कुडाळ)

चॅनल फिरवले. काल रात्री जेवणं झाल्यावर लावलं. वीज होती, पाऊस नव्हता, पत्र्यावर काही वाजत नव्हतं. रूपाचा अभंग संपेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. दुसरी बारी मागून सुरू झाली तशी मान वळवली, मग परत समोर. गवळणीला हात मांडीवर चालू झाला. संपल्यावर विचारलं, आता पखवाजी बरोबर? म्हणाले, "होय, आता उजवो."

मग खुर्ची मागे ओढायला लावली, हातभर. त्यांचा खांब मधोमध नाही, दुसऱ्या बारीकडे सरकलेला आहे म्हणे. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आज देवळात जाऊन टेपने मोजलं. पहिल्या बारीपासून पावणेपाच मीटर, दुसरीपासून सव्वातीन. माझ्या माइकच्या दोन्ही जोड्या मात्र आपापल्या बारीपासून सारख्याच अंतरावर होत्या.

वाळवणकाका, मागचे दोन चॅनल दोन डेसिबल चढवले तर चालेल का? फाइलीत करू की प्रोसेसरमध्ये?

वाळवण (दापोली)

प्रोसेसरमध्ये करा, फाइल आहे तशी राहू द्या. दोनऐवजी दीडपासून सुरू करा आणि बाबांना विचारत जा. पुढच्या जत्रेला रेकॉर्डर त्या खांबालाच बांधा.

माडाखाली (कुडाळ)

दीडवर थांबलो. खांबाला बांधायला पुजाऱ्यांची परवानगी काढली आहे. सुलटा बांधणार.